दिवसा वारा, रात्री पहिलवान

'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असं नाव जळगावात किंवा धुळ्यात कुणापुढे घेतलं, तर समोरचा नुसता बघत राहील. त्याच माणसापुढे 'मुस्तफा' म्हणा. वय चाळिशीच्या आसपास असेल तर डोळे चमकतील आणि तो लगेच विचारेल, "तो टोपीवाला ना, भाऊ?" कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेला, नाणं टाकून खेळायचा हा गेम भारतभर आपल्या खऱ्या नावाऐवजी मुस्तफा कैरो या पात्राच्या नावाने ओळखला गेला. खेळायला चार पात्रं होती. पण पार्लरमध्ये भांडण व्हायचं ते मुस्तफासाठी. कारण तो चौघांत सर्वांत चपळ. धावत यायचा आणि त्याच वेगात लाथ घालायचा. एका लाथेत तीन-चार गुंड आडवे.

त्यानंतरच्या पिढीला मारामारीपेक्षा धावण्याचं वेड लागलं. २०११ मध्ये 'टेंपल रन' आला, २०१२ मध्ये 'सबवे सर्फर्स'. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेल्या पहिल्यावहिल्या स्मार्टफोनवर पोरांनी हे दोन गेम आधी टाकले. मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी बाहेर पडायची सोय नसते, आणि सुट्टी तर असतेच. रेल्वेच्या रुळांवरून कधी न थांबता पळणारा तो पोरगा अशा कित्येक दुपारी घराघरांत पळत होता. पुढे तर 'सबवे सर्फर्स'ने मुंबईची खास आवृत्तीही काढली.

म्हणजे धावपळ आणि हाणामारी, दोन्ही गोष्टी इथल्या खेळणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक आणि दोन्ही आवडत्या. मग या दोन्ही एकाच डिस्कवर एकत्र आल्या तर दुप्पट मजा यायला हवी. २००८ साली सेगा कंपनीने नेमका हाच हिशोब केला आणि 'सॉनिक अनलीश्ड' बाजारात आणला. पुढे जे झालं त्यावर गेमवेडी मंडळी अजून भांडतात. कुणी त्याला सॉनिकचा सर्वांत देखणा गेम म्हणतं, कुणी अर्धा चांगला, अर्धा फुकट. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, हीच या गेमची गंमत.

सॉनिक हा निळ्या रंगाचा, काटेरी अंगाचा हेजहॉग. जन्म १९९१चा. त्या काळी उड्या मारत, खड्डे ओलांडत पुढे जाण्याच्या गेमचा राजा होता निन्टेंडोचा मारिओ. त्याला टक्कर देणारा कुणीतरी सेगाला हवा होता. नाओतो ओशिमा यांनी पात्र रेखाटलं, युजी नाका यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि हिरोकाझू यासुहारा यांनी टप्पे रचले. मारिओ जपून चालतो, मोजून उडी मारतो. सॉनिक उतारावरून सुसाट सुटतो, वळसे घेतो, अंगाचा गोळा करतो आणि वाटेत येणाऱ्या शत्रूला तसाच धडकतो. इथली मेख नीट ध्यानात ठेवावी लागते: सॉनिकच्या मूळ गेममध्ये वेगळी मारामारी नव्हतीच. धावणं आणि उडी हेच त्याचं हत्यार. त्याचा वेग मोडला की तो दुबळा, वेगात असला की वाघ.

आपल्याकडे मारिओ आला तो नक्कल केलेल्या यंत्रांमधून, 'नाइन्टीनाइन इन वन' छापाच्या पिवळ्या-लाल कॅसेटींसह. कॅसेटवर छापलेल्या आकड्यातले निम्मे गेम तेच ते असायचे, पण तक्रार करतो कोण. सेगाची यंत्रं नव्वदच्या दशकात शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात विकली गेली, तरी ती मोठ्या शहरांच्या पलीकडे फारशी पोचली नाहीत. त्यामुळे खान्देशात मारिओ घरचा झाला आणि सॉनिक बरीच वर्षं पाहुणाच राहिला.

सॉनिकची खरी अडचण सुरू झाली ती खेळ सपाट चित्रातून त्रिमितीत गेल्यावर. १९९८ मध्ये 'सॉनिक अॅडव्हेंचर' आला तेव्हा लोक भारावले. पण २००६ मध्ये पंधराव्या वाढदिवसाचं निमित्त साधून घाईघाईत काढलेल्या गेमने सगळी पत घालवली. चुका इतक्या, की पात्र जमिनीतून आरपार पडायचं, आणि एकेका प्रसंगाआधी 'लोडिंग'ची पाटी बघत ताटकळावं लागायचं. सेगाला आता डाग धुऊन काढायचा होता. दिग्दर्शक योशिहिसा हाशिमोतो यांच्या चमूने त्यासाठी नवं इंजिनच बांधलं, नाव हेजहॉग इंजिन. प्रकाश एका भिंतीवर पडून दुसऱ्या भिंतीवर कसा उजळतो, याचं गणित ते आधीच करून ठेवत असे. त्यामुळे २००८ सालच्या मानाने चित्र असं दिसायचं, की एखाद्या ॲनिमेशनपटातच आपण धावतोय.

कथा थोडक्यात अशी. खलनायक डॉक्टर एगमन पृथ्वीवर किरण सोडतो, पृथ्वीचे सात तुकडे होतात आणि तिच्या पोटात झोपलेला डार्क गाया जागा होतो. या गडबडीत सॉनिकलाही शाप लागतो. दिवसा तो नेहमीचा सॉनिक. सूर्य मावळला की अंगावर केस, हाताला नखं, हात रबरासारखे लांब. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो या युरोपी दंतकथेवर बेतलेल्या या अवताराला गेमवाले वेअरहॉग म्हणतात. दिवसाचे टप्पे धावण्याचे, रात्रीचे टप्पे ठोसे मारण्याचे. जपानमध्ये या गेमचं नाव 'सॉनिक वर्ल्ड ॲडव्हेंचर', कारण टप्पे जगभरच्या ठिकाणांवर बेतलेले: कुठे इटलीतल्या गावासारखी कौलं, कुठे आफ्रिकेतली मातीची घरं, कुठे चिनी भिंत, कुठे वाळवंटातलं कोरीव नगर, कुठे न्यूयॉर्कच्या उंच इमारती. भारत मात्र त्यात नाही. आग्नेय आशियातल्या जंगलाशी जुळणारा टप्पा आहे, तेवढ्यावर आपण समाधान मानायचं.

पहिलाच टप्पा घेऊ. अपोटोस नावाचं बेट, ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या गावांसारखं: पांढऱ्या चुन्याच्या भिंती, निळे घुमट, पवनचक्क्या, खाली समुद्र. दिवसा इथे एक बटण दाबून धरलं की सॉनिकभोवती निळा झोत पेटतो आणि गल्ल्या डोळ्यांपुढून सरकत राहत नाहीत, अक्षरशः फुटतात. झोताला इंधन लागतं, ते वाटेवरच्या सोनेरी कड्यांतून मिळतं. कडी गोळा केली की झोत चालू, झोत चालू की पुढची कडी हाताशी. शत्रू आडवा आला तर थांबायचं कारण नाही, झोतातच तो उडून जातो. समोर भिंत आली तर रिमोटच्या खांद्यावरची बटणं दाबून डावी-उजवीकडे सटकायचं. वळण आलं तर घसरत घ्यायचं. मधेच कॅमेरा पाठीमागून बाजूला जातो आणि जुन्या सपाट सॉनिकसारखा खेळ सुरू होतो, दोन उड्यांनी परत पाठीमागे. सगळा प्रकार चारेक मिनिटांत संपतो आणि हात आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला जातो. ही झोताची कल्पना सेगाने आधी २००५ मध्ये निन्टेंडोच्या छोट्या यंत्रावर 'सॉनिक रश'मध्ये वापरून पाहिली होती. इथे ती मोठ्या पडद्यावर आली आणि त्रिमितीतला सॉनिक कसा असावा, याचं उत्तर बहुधा पहिल्यांदाच पटण्याजोगं मिळालं.

आता त्याच बेटावर रात्री या. संगीत मंद, पावलं जड. वेअरहॉग दुडकत चालतो. थोडं पुढे गेलं की अंधारातून डार्क गायाची पिल्लावळ निघते, रस्ता बंद होतो आणि सगळ्यांना लोळवल्याशिवाय उघडत नाही. ठोसा, ठोसा, उचलून आपट, ठोसा. मग एक दांडा फिरवून दार उघडायचं, दगड उचलून आणून खटक्यावर ठेवायचा, अरुंद तुळईवरून तोल सांभाळत पलीकडे जायचं. तोल गेला तर खाली समुद्र. वीस मिनिटं अशी जातात.

आणि दर वेळी शत्रू दिसले की टप्प्याचं छान संगीत मधेच तोडून तीच एक लढाईची धून वाजते. दर वेळी. या गेमबद्दल बोलायला बसलेला प्रत्येक जण, मग तो कुठल्याही बाजूचा असो, त्या धुनेला शिव्या घालूनच सुरुवात करतो.

आता प्रश्न पडतो, की दिवसाचा भाग एवढा जमला होता तर सेगाने रात्र आणलीच कशाला? यामागे निव्वळ हौस नव्हती, एक रोकडा हिशोब होता. सॉनिक ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावतो असं धरलं, तर पाच मिनिटांत तो २५ किलोमीटर जातो. म्हणजे जळगावहून सुटला की भुसावळ. आता कल्पना करा, की या दोन गावांमधला संपूर्ण रस्ता कलाकारांना हाताने उभा करायचाय: प्रत्येक घर, प्रत्येक झाड, प्रत्येक विजेचा खांब, केळीच्या बागांचा प्रत्येक बांध. त्यावर प्रकाश टाकायचा, अडथळे ठेवायचे, दोन-तीन पर्यायी वाटा काढायच्या आणि कुठेही पात्र अडकत नाही याची महिनोन् महिने तपासणी करायची. एवढं सगळं केल्यावर खेळणारा ते पाच मिनिटांत संपवतो. पूर्ण पैसे मोजून घेतलेला गेम दोन-अडीच तासांत संपला, तर गिऱ्हाईक दुकानदाराच्या अंगावर जाईल. वेगाचा गेम करणाऱ्या प्रत्येक कंपनीपुढे हा पेच असतो. वेग जितका जास्त, तितका माल लवकर संपतो.

दुसरी अडचण माणसाच्या मेंदूची. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. ताशी ३०० किलोमीटर वेगात पाव सेकंदात २० मीटरहून जास्त अंतर कापलं जातं. म्हणजे खड्डा दिसला म्हणून उडी मारायला गेलं, तर आपण आधीच खड्ड्यात असतो. म्हणून असे टप्पे पाठ करावे लागतात. पहिल्यांदा माणूस आपटतो, पाचव्यांदा सावरतो, दहाव्यांदा न बघता धावतो. ज्याला ही तालीम आवडते त्याला हे टप्पे जिवापाड आवडतात. घरातल्या लहान भावाला किंवा पहिल्यांदाच रिमोट हातात घेतलेल्या काकांना ते झेपत नाहीत. त्यांच्यासाठी हळू चालणारा, हातात बळ असलेला वेअरहॉग. कागदावर ही विभागणी शहाणपणाची वाटते.

प्रत्यक्षात गाडी अडली ती प्रमाणात. दिवसाचा टप्पा चार मिनिटांचा, रात्रीचा पंधरा-वीस मिनिटांचा. वेगासाठी डिस्क विकत घेतलेल्या माणसाचा बहुतेक वेळ अंधारात दांडे फिरवण्यात जाऊ लागला. त्यात भर पदकांची. पुढचे टप्पे उघडायचे तर सूर्यपदकं आणि चंद्रपदकं ठरावीक संख्येने गोळा करावी लागतात आणि ती कोपऱ्या-कोपऱ्यांत दडवलेली. म्हणजे जो गेम सांगतो 'थांबू नकोस', तोच गेम वळणामागे, भिंतीआड, छपरावर थांबून शोधायला लावतो. ज्यांना पदकं पुरली नाहीत त्यांना जुने टप्पे पुन्हा खेळायला परत जावं लागलं. या गेमला नावं ठेवायचीच असतील, तर वेअरहॉगच्या आधी या पदकांना ठेवावीत.

वेअरहॉगची बाजूही ऐकून घ्यायला हवी. हाणामारीचे गेम कशावर उभे असतात? ठोसा लागला की चित्र एक क्षण थबकतं, पडदा किंचित हादरतो, शत्रू मागे फेकला जातो. हे थबकणं सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शाचं, पण तेच डोळ्यांना सांगतं, की फटका बसला. मुस्तफाची लाथ तीस वर्षांनंतरही आठवते ती या थबकण्यामुळे. वेअरहॉगच्या लांब हातांत असा जोर सुरुवातीला कमी जाणवतो. पण गेम जसा पुढे जातो तशी त्याची ताकद वाढते, नवे डाव मिळतात, हात लांब फेकून खांबाला लोंबकळत, कडा पकडत चढण्यात मजा येऊ लागते. दुर्दैव असं, की पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा सर्वांत कच्चा अवतार बघायला मिळतो आणि पुष्कळांनी त्याच वेळी रिमोट खाली ठेवला.

समीक्षकांचं मत गुणांतून दिसतं. निरनिराळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर १०० पैकी प्लेस्टेशन ३ ला ५४, एक्सबॉक्स ३६० ला ६०, आणि साध्या यंत्रांच्या, म्हणजे वी आणि प्लेस्टेशन २ च्या आवृत्तीला ६६. गंमत बघा, देखणी आवृत्ती मागे आणि साधी पुढे.

हा फरक खान्देशातल्या खेळणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा. प्लेस्टेशन ३ भारतात २००७ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये. तेवढ्या पैशांत त्या काळी एखादी दुचाकी आली असती. धुळ्या-जळगावच्या मध्यमवर्गीय घरात असलाच तर प्लेस्टेशन २ असायचा. आणि प्लेस्टेशन २ वरचा 'सॉनिक अनलीश्ड' हा वेगळाच गेम होता. तो डिंप्स या कंपनीच्या मदतीने स्वतंत्रपणे बनवलेला. गावांतून हिंडणं त्यात जवळजवळ नाही, न्यूयॉर्कसारखं शहर गायब, आणि रात्रीचे लांबलचक टप्पे तुकड्यांमध्ये वाटलेले. एका बैठकीत एक तुकडा संपतो, म्हणून कंटाळा कमी. दोन मित्र एकाच नावाचा गेम खेळून तावातावाने भांडतात आणि दोघांनी खेळलेले गेम वेगळे असतात, असा हा मामला. 'सॉनिक अनलीश्ड'वरच्या जुन्या वादात बरीचशी धूळ यामुळेच उडालेली आहे.

मोठ्या यंत्रांवरच्या आवृत्तीत शेवटी एगमनलँड नावाचा टप्पा येतो. आख्ख्या गेममध्ये दिवस-रात्र एकाच टप्प्यात आलटून-पालटून येतात ते इथे. धावा, मग वेअरहॉग व्हा, लढा, दांडे ओढा, परत सॉनिक व्हा, परत धावा, आणि खाली उकळता लाव्हा. निष्णात खेळणाऱ्यालाही पहिल्यांदा अर्धा तास सहज लागतो. त्या वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होतं. एगमनलँडच्या पंचविसाव्या मिनिटाला वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून. असा गेम इन्व्हर्टरशिवाय खेळायला धाडस हवं. आणि तरीही दोन्ही अवतारांची जुगलबंदी जमते ती याच टप्प्यात. इतका उशीर का केला, हे कोडंच आहे.

सेगाने मग काय केलं? कंपनीने गुण बघितले आणि वेअरहॉगला कायमचा निरोप दिला. २०१० चा 'सॉनिक कलर्स' आणि २०११ चा 'सॉनिक जनरेशन्स', दोन्ही दिवसाच्या टप्प्यांच्या साच्यावर बेतलेले, आणि दोन्हींचं कौतुक झालं. 'अनलीश्ड'मधला इटालियन गावाच्या छपरांवरून धावण्याचा टप्पा 'जनरेशन्स'मध्ये मानाने परत आणला. दिग्दर्शक हाशिमोतो पुढे स्क्वेअर एनिक्स या दुसऱ्या मोठ्या जपानी कंपनीत गेले. चाहत्यांनीही आपला निकाल हातानेच लिहिला: २०१३ मध्ये काही हौशी मंडळींनी 'अनलीश्ड'चे फक्त दिवसाचे टप्पे उचलून संगणकावरच्या 'जनरेशन्स'मध्ये बसवले. रात्रीचा एकही घेतला नाही.

इथवर वाचून वाटेल, की धावणं आणि मारामारी एकत्र नांदू शकत नाही. तसं नाही. मुस्तफाला आठवा. तो धावतो आणि त्याच धावण्याची लाथ होते. त्यात दोन वेगळे गेम नाहीत. पहिला सॉनिकही तसाच, गोळा होऊन धडकणारा. वेअरहॉगमध्ये हे नातं तुटलं. तो धावताना लढत नाही आणि लढताना धावत नाही. वेगाने मिळवलेलं काहीच ठोशाच्या कामी येत नाही. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, आणि तो तपासून बघायला महाराष्ट्रातच एक चांगलं उदाहरण सापडतं.

त्याआधी भारतातला एक जुना प्रयत्न आठवू. २००९ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला. बालहनुमान, उड्या, गदा. उडी आणि प्रहार एकाच देवाच्या ठायी, म्हणजे कल्पना अस्सल. पण देवाला रिमोटने नाचवायचं का, यावरून अमेरिकेतले हिंदू नेते राजन झेड यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि गेम मागे घ्या असं सोनीला सांगितलं. वाद गाजला. गेम मात्र यथातथाच होता.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' याच्या कितीतरी पुढचा. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये ही कंपनी काढली. त्याच वर्षी लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी काम सुटलं नाही, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम निन्टेंडो स्विचवर आला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. राजी ही जत्रेत कसरती करणारी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गा तिच्या हातात त्रिशूळ देते. महाल आणि किल्ले राजस्थानी वळणाचे, चित्रं पहाडी लघुचित्रांच्या धाटणीची, कथेचे दुवे छायाबाहुल्यांतून. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. भारतात बनलेल्या गेमसाठी ही मोठी मजल.

आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने बघायचं ते राजीचं लढणं. ती कसरतपटू आहे, म्हणून भिंतीवर धावत चढते आणि तिथून झेप घेऊन त्रिशूळ मारते. खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या फिरण्यातच भोवतीचे असुर उडतात. म्हणजे तिची धावाधाव आणि तिचा वार ही एकच हालचाल. लढाईच्या आवारात भिंती आणि खांब मुद्दाम पेरलेले असतात. अर्थात 'राजी'वरही एकमत नाही. चित्रं आणि संगीत सगळ्यांनी वाखाणलं, पण लढाई पुढे पुढे तीच ती वाटते, गेम पाच-सहा तासांत आटोपतो आणि शेवट अचानक येतो, असं अनेकांनी लिहिलं. या तक्रारी रास्त आहेत. पण लक्षात घ्या, 'एकाच डिस्कवर दोन गेम का?' ही तक्रार कुणी केली नाही.

सेगालाही ही गोष्ट उमगली, फक्त चौदा वर्षं लागली. २०२२ च्या 'सॉनिक फ्रंटियर्स'मध्ये मोकळ्या मैदानात सॉनिक शत्रूभोवती गोल धावतो. मागे प्रकाशाची रेघ उमटते, वर्तुळ पूर्ण झालं की शत्रूचं कवच फुटतं, मग ठोसे. धावणं हाच हल्ल्याचा पहिला भाग. त्या गेमवरही लोक भांडले, सॉनिकवर भांडण्याचा छंदच आहे जगाला. पण या डावाला क्वचितच कुणी नाक मुरडलं.

दरम्यान 'अनलीश्ड'कडे बघण्याची नजर बदलत गेली. लहानपणी तो खेळलेली पोरं मोठी झाली, आणि वेअरहॉगचेही चाहते निघाले. काहींना तर आता रात्रच जास्त आवडते. सेगाने हा गेम संगणकासाठी कधीच काढला नव्हता. मार्च २०२५ मध्ये हौशी प्रोग्रॅमरांच्या एका चमूने एक्सबॉक्स ३६० च्या आवृत्तीवरून तो संगणकावर चालेल असं रूपांतर प्रसिद्ध केलं. या वेळी रात्र कापली नाही, दिवस-रात्र दोन्ही जसेच्या तसे. फक्त एक नवं बटण दिलं: लढाईची ती धून बंद करायचं.

शिरपूर आणि बांभोरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी पोरं पुण्याला जातात आणि पुण्यात आता गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातल्या कुणाला असा गेम करावासा वाटला, तर 'अनलीश्ड' नक्की खेळून बघावा. दिवसाचे टप्पे कसे बांधलेत हे शिकण्यासाठी, आणि पदकं कशी देऊ नयेत हेही.

नुसतं खेळायचं असेल त्यांना एवढंच सांगणं: संगणकावरच्या रूपांतरासाठी मूळ गेमची स्वतःची प्रत लागते, ती आधी मिळवा. अमेरिकेत या गेमला १० वर्षांवरील मुलांसाठीचा शिक्का आहे, तेव्हा घरातल्या पोरांबरोबर खेळायला हरकत नाही. पदकं दिसतील तिथे पहिल्यापासून उचलत चला, नंतर धावाधाव होत नाही. सुरुवातीचे दोन तास वेअरहॉगला सांभाळून घ्या. आणि लढाईची ती धून पहिल्याच दिवशी बंद करा.

गुण द्यायचेच झाले तर दिवसाला दहापैकी नऊ, रात्रीला सहा. मेटाक्रिटिकवरचे ५४ मात्र अन्यायाचे आहेत.